निंबदरा डॉट कॉमचा फेरफार

निंबदरा दुसऱ्यांदा बुडणार असल्याची बातमी श्रीमंत भिमाजी खळेकर यांना सावेडीत, भाजीच्या गाडीपाशी, मुठीत गवार असताना मिळाली.

पहिल्यांदा गाव बुडालं ते सत्तर साली, धरणात. तेव्हा निदान सरकारनं दवंडी पिटली होती, नोटिसा डकवल्या होत्या, साहेब लोक जीप घेऊन आले होते. या वेळी दवंडी पिटली ती गल्लीतल्या शुभांगी मॅडमनी, तीही कोथिंबिरीची जुडी हुंगता हुंगता.

"काका, माझा व्हिसा आला बरं का. अठरा ऑक्टोबरला निघतेय. दोन हजार साल लागलं की तिकडचे सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आहेत म्हणे. त्यांना ताळ्यावर आणायला माणसं कमी पडतायत."

"अभिनंदन," श्रीमंतराव म्हणाले.

"तेवढं तुमच्या दुकानाचं बघून घ्या. बॅकअप घेऊन ठेवू. आणि ते नावही तुमच्या नावावर करून टाकू. पुढच्या वर्षी मुदत संपते. तिकडच्या गडबडीत मी विसरले तर दुकान बंदच पडायचं."

"माझ्या नावावर करायचं म्हणजे? आत्ता कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," मॅडम म्हणाल्या. "दादा, चार मिरच्या टाका की वर."

श्रीमंतरावांनी गवार परत गाडीवर ठेवली. तीस वर्षं त्यांनी तलाठ्याची नोकरी केली होती. सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा, आणि निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी रिक्षावालेसुद्धा भाऊसाहेबच म्हणत. कुणाच्या जमिनीला कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, ही प्रत्येक नोंद त्यांच्या हातातून गेलेली. बाप मेला की लेकरांची नावं, वाटणी झाली की भावाभावांची नावं. अख्ख्या मुलखाला सातबारे करून दिले, आणि स्वतःचं एकुलतं एक दुकान चौदा महिने परक्या बाईच्या नावावर!

(इथं दप्तरातलं एक पान कमी आहे. गवार न आणता भाऊसाहेब घरी पोचले तेव्हा त्यांच्या पत्नी विमलबाई काय म्हणाल्या ते त्या पानावर होतं.)

दुकान म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. निवृत्त झाल्यावर भाऊसाहेबांनी शुभांगी मॅडमकडून इंटरनेटवर एक दुकान काढून घेतलं. मॅडम पूर्वी कॉलेजात शिकवायच्या; आता गल्लीच्या टोकाला, गॅरेजमध्ये दोन कॉम्प्युटर मांडून बसायच्या. दुकानाचं नाव निंबदरा डॉट कॉम. माल एकच, विमलबाईंची कारळ्याची चटणी. चौदा महिन्यांत अकरा पुड्या खपल्या. त्यातल्या चार पुण्याच्या भाच्यानं घेतल्या, तेही मामीला वाईट वाटू नये म्हणून.

पण दुकानाला एक मागचं दार होतं. गिऱ्हाइकांना चटणीबद्दल दोन शब्द लिहिता यावेत म्हणून मॅडमनी एक पान ठेवलं होतं. भाऊसाहेबांनी त्याला नाव दिलं चावडी. चटणीबद्दल तिथं कुणी अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते असं:

नोंद ९. करण, हल्ली मुक्काम पुणे. मी लिहितोय, पण सांगतायत आजोबा बन्सी. ते म्हणतात, गाव सोडायच्या दिवशी आमचा ढवळा बैल काय केल्या ट्रकात चढंना. लोकं म्हनली ऱ्हाऊ द्या. मग त्यो... बाकी उद्या, आजोबांना झोप आली.

नोंद ४०. छबूबाई, हल्ली मुक्काम पारनेर. नातू लिवतोय. शेवटच्या दिवशी बारवंवरनं शेवटची घागर कुनी भरायची याच्यावरनं माजं न मुक्ताचं भांडान चाललं हुतं. मधीच ट्रकचा भोंगा वाजला. ती एका ट्रकात, मी दुसऱ्या. एकोनतीस वर्सं झाली. मुक्ता कुटं हाय कुनाला म्हाईत हाय का? भांडान अर्धंच ऱ्हायलंय.

अशा दोनशे बारा नोंदी. दहा वाटांनी पांगलेलं गाव नातवंडांच्या बोटांनी, इंग्रजी अक्षरातल्या मराठीत, एकमेकांना हाका मारत होतं. आणि प्रत्येक नोंदीखाली भाऊसाहेबांनी सवयीनं उत्तर दिलं होतं: "नोंद घेतली. श्री. भि. ख." स्वतःची म्हणून एकही नोंद त्यांनी कधी लिहिली नाही. का, ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब गॅरेजमध्ये हजर. "उतारा दाखवा," म्हणाले.

मॅडमनी अमेरिकेतल्या नोंदणी कंपनीचं पान काढून दाखवलं. पान इंग्रजीत होतं. पण तीस वर्षं मुरलेल्या डोळ्यांना ते जसं दिसलं तसं देतो:

गाव: निंबदरा डॉट कॉम.
भोगवटादार: शुभांगी नितीन कुलथे.
राहणार: सावेडी, गॅरेज.
इतर हक्क: निरंक.
पीक: चटणी (जिराईत).

इतर हक्कातसुद्धा निरंक! बांधावरच्या आंब्याच्या झाडालासुद्धा इतर हक्कात जागा मिळते.

"काका, मी मुद्दाम नाही केलं हो," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा तुमच्याकडे ईमेल नव्हता. त्यांना ईमेल लागतो, म्हणून माझं नाव टाकलं."

"सगळ्यांचं असंच होतं," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "विश्वासानं दुसऱ्याचं नाव लावतात, आणि मग आमच्याकडे येतात."

आता शेजारचे गोरक्षनाथ. हे विमा एजंट. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, कागद असलेली आणि रडणारी. त्यांनी कुंपणावरूनच निकाल दिला. "भाऊसाहेब, आधी नकला काढा. सगळ्या नोंदी छापा, आणि राजपत्रित अधिकाऱ्याकडून सत्यप्रत करून घ्या. उद्या बाई तिकडं जाऊन म्हणाली, निंबदरा माझं माहेर, तर तुम्ही काय दाखवणार? चटणी?"

सल्ला पटला. नोंदी छापल्या. मॅडमचा प्रिंटर करकरत सलग कागद ओकणारा. दोनशे बारा नोंदी एका लांबलचक पट्टीवर आल्या. विमलबाईंनी ती अंगणात वाळवणासारखी पसरून मोजली. ओट्यापासून फाटकापर्यंत जाऊन पुन्हा तुळशीपर्यंत आली.

"एवढं गाव होतं होय आपलं?" विमलबाई म्हणाल्या. लग्न होऊन त्या निंबदऱ्यात आल्या आणि दोन वर्षांत गाव गेलं. "मला तर न्हाणीपासून चुलीपर्यंतच आठवतं."

राजपत्रित अधिकारी म्हणाल तर दोन गल्ल्या सोडून सहादेव डॉक्टर राहत. पशुधन विकास अधिकारी. साऱ्या सावेडीच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, जन्मतारखा यांच्यावर त्यांचीच सही. त्यांनी पट्टी उलगडली, चष्मा लावला आणि म्हणाले, "मूळ प्रत?"

"मूळ प्रत अमेरिकेत आहे."

"मग आणा."

"आणता येत नाही. काचेच्या आत आहे."

"भाऊसाहेब, तुम्ही सरकारी नोकरी केलेली माणसं. मूळ न पाहता सही करू?"

हे वाक्य स्वतः भाऊसाहेबांनी हजारदा लोकांना ऐकवलं होतं. अखेर मूळ डॉक्टरांकडे येईना म्हणून डॉक्टरांना मुळाकडे न्यायचं ठरलं. स्कूटरवर पुढं डॉक्टर, मागं भाऊसाहेब, दोघांच्या मध्ये गुंडाळलेलं गाव. गॅरेजमध्ये पोचले तर इंटरनेट बंद. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येतं, आणि ती तार मॅडमच्या सासूबाईंच्या ताब्यात होती. पाथर्डीच्या बहिणीशी त्या एका बारशाची चर्चा करत होत्या. बाळाचं नाव काय ठेवलं, ते का ठेवलं, आणि न ठेवलेली नावं कोणती, हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला.

मग चावडी उघडली. डॉक्टर पट्टीवरची एक नोंद आणि काचेतली एक नोंद ताडून पाहू लागले. आठपर्यंत झपाझप शिक्के पडले. नवव्या नोंदीपाशी हात थांबला.

"हा बैल. ढवळा. ट्रकात चढला नाही, मग पुढं?"

"पुढं लिहिलं नाही त्यांनी अजून."

"फेब्रुवारीत लिहिलंय हे! अजून झोप झाली नाही का म्हाताऱ्याची? पाणी चढत होतं ना? बैल पोहतो हो. फार चांगला पोहतो. पण त्याला दिशा कळली पाहिजे." डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "नाही, हे अर्धवट आहे. अर्धवट कागदावर सही करणं मला बरं वाटत नाही."

तरी केली. दोनशे बारा नोंदींवर दोनशे बारा वेळा, खरी प्रत, आणि खाली पशुधन विकास अधिकारी असा गोल शिक्का. जाताना बजावून गेले, "बैलाचं कळवा."

आता खरा बॅकअप. मॅडमनी सगळं दुकान, चावडीसकट, सात फ्लॉप्यांवर उतरवलं आणि भाऊसाहेबांच्या हातात ठेवलं. "एवढंच आहे तुमचं गाव. नीट जपा. तुमच्या पद्धतीनं ठेवा हवं तर."

हे शेवटचं वाक्य मॅडम बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

तलाठ्याची पद्धत एकच. सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. भाऊसाहेबांनी फ्लॉप्या अनुक्रमे लावल्या, एकावर एक रचल्या, कडा ठोकून सारख्या केल्या. मग ट्रंकेतून दाभण काढलं, हातोडी घेतली, आणि सातही फ्लॉप्यांना डाव्या अंगानं आरपार तीन भोकं पाडली. दोरा ओवला. तीन टाक्यांत गाव शिवलं. वर पुठ्ठा, त्यावर लाल फडकं, फडक्याला गाठ, गाठीखाली चिठ्ठी: "मौजे निंबदरा, दप्तर क्र. १, कायम जतन." काम इतकं देखणं झालं की संध्याकाळी ते मॅडमना दाखवायला घेऊन गेले.

मॅडमनी गाठ सोडली.

"काका... हे शिवलंय?"

"पक्का टाका आहे. शंभर वर्षं पान हलणार नाही."

"पान हलायलाच लागतं हो आत. फिरल्याशिवाय वाचता येत नाही ते."

भाऊसाहेबांनी दप्तर परत बांधलं. जाताना पाय नेहमीसारखेच टाकले, पण चुकीच्या गल्लीत वळले आणि मग अब्रू राखण्यासाठी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"पहिल्यांदा पाण्यानं बुडवलं," विमलबाई म्हणाल्या, "आता ह्यांनी शिवून बुडवलं." पण दप्तर त्यांनीच उचलून कपाटात ठेवलं, चांगल्या साड्यांखाली.

मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. सामानाची बांधाबांध सोडून. "काका, फ्लॉप्या मी पुन्हा करून देते. तुम्ही आधी नावाचं उरका. दहा मिनिटांचं काम आहे. फॉर्म भरायचा, मी सही करते, तुम्ही करा, फॅक्स करू. संपलं."

"दहा मिनिटांत फेरफार?"

"हो!"

"नोटीस?"

"कसली नोटीस?"

मग भाऊसाहेबांनी खुर्ची ओढून घेतली आणि जमिनीच्या नोंदीत एकाचं नाव जाऊन दुसऱ्याचं येतं त्याची, म्हणजे फेरफाराची, रीत त्यांना समजावून सांगितली. आधी नोटीस काढायची. ती गावच्या चावडीवर लावायची. पंधरा दिवस वाट बघायची. कुणाची हरकत आली नाही तरच नाव बदलायचं.

"काका, हे दुकान आहे. चटणीचं."

भाऊसाहेबांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "सत्तर साली मी नवा होतो. पुनर्वसनाच्या कचेरीत मला बसवलं. निंबदऱ्याचाच आहेस, नावं ओळखीची असतील, म्हणाले. एकशे अठ्ठावीस सातबारे होते गावाचे. प्रत्येकावर शिक्का मारायचा, बुडीत. साहेब म्हणाले, दुपारपर्यंत उरक. उरकलं. आमचा होता त्याच्यावरही मारला. शाई वाळायला वेळ नव्हता म्हणून टिपकागदानं टिपत होतो. त्याच हातानं चावडीवर स्वतःची नोंद कशी लिहू? घाईत एकदा केलंय मॅडम. परत नको."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. "पंधरा दिवस म्हणजे सतरा तारीख. मी अठराला निघतेय."

"बसतं मग बरोबर."

नोटीस गावच्या चावडीवर लावायची हा नियम. गावची चावडी पन्नास फूट पाण्याखाली. राहिली ती एकच चावडी. तिथं दोन ऑक्टोबरला नोटीस लागली:

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे निंबदरा डॉट कॉम या मिळकतीस श्रीमती कुलथे यांचे नाव कमी करून श्रीमंत भिमाजी खळेकर यांचे नाव लावण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत नोंदवावी. मागाहून तक्रार चालणार नाही."

भाऊसाहेबांचा अंदाज होता की फार तर दोघं-तिघं 'अभिनंदन' लिहितील.

हरकत १. बन्सी (लिहिणार करण). गाव एकट्या श्रीमंताच्या नावावर का म्हून? त्याचं घर वेशीच्या भाईर हुतं.

हरकत २. गाव माझ्या नावावर नको, पण त्याच्याबी नको.

हरकत ५. धर्मशाळेपुढचा पार आमच्या पणज्यानं बांधला. पार वगळून बाकी द्यायला हरकत नाही.

हरकत ६. हरकत क्रमांक पाच खोटी आहे. पार आमचा.

हरकत ८. (तोंडी. स्वयंपाकघरातून.) दुकान चटणीचं, चटणी माझी. कारळं भाजून भाजून डोळे गेले माझे. मालकाच्या रकान्यात माझं नाव का नाही?

"तू घरातली, तुझी हरकत कशी घेऊ?" भाऊसाहेब दारात उभे राहून म्हणाले.

"लिहून घ्या," विमलबाई म्हणाल्या. लिहून घेतली.

हरकत ११. छबूबाई, पारनेर. मुक्ता हुडकून आना. तिची सही झाल्याबिगर माजी सही न्हाई.

गोरक्षनाथ आता रोज हरकतींचा आकडा विचारायला कुंपणाशी येत. "भाऊसाहेब, नोटीस मागं घ्या. गुपचूप फॅक्स करा. कुणाला कळतंय!" भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की गोरक्षनाथांनी आठवडाभर विम्याचं नावसुद्धा काढलं नाही.

एक गोष्ट मात्र भाऊसाहेबांनी कुणाला सांगितली नाही. ते रोज दुपारी गॅरेजमध्ये जात, सासूबाईंचा फोन संपेपर्यंत बाकावर बसत, आणि चावडी उघडली की आधी हरकतींचा आकडा मोजत. चौदा महिन्यांत दोनशे बारा नोंदी आल्या होत्या. बारा दिवसांत छप्पन्न हरकती. गावात इतका आरडाओरडा त्यांनी सत्तरच्या आधी ऐकला होता, त्यानंतर नाही.

चौदाव्या दिवशी ही आली:

हरकत ५७. मुक्ताबाई, हल्ली मुक्काम तिसगाव. नात स्नेहल लिहिते. आजी म्हणते: माजीबी हरकत हाय. शेवटची घागर मी भरली. छबीनं न्हाई. घागर आजून हाय माज्याकडं, पोचा पडलेली. पोचा तिनंच पाडला.

भाऊसाहेबांनी ती तीनदा वाचली. पारनेर आणि तिसगाव. एकाच जिल्ह्यात, एसटीच्या दोन तिकिटांवर, दोघी एकोणतीस वर्षं एकमेकींना शोधत होत्या.

खाली त्यांनी लिहिलं, "नोंद घेतली." मग पहिल्यांदाच त्याच्यापुढं अजून एक ओळ टाकली: "सर्व हरकतदारांनी सुनावणीस रविवार ता. १७ रोजी सावेडी येथे समक्ष हजर राहावे. घागर सोबत आणावी."

रविवारी सकाळी विमलबाईंनी वीस माणसांचं पिठलं टाकलं. चाळीस आली. बन्सी आले ते खांद्यावर घोंगडी टाकून, पुण्याहून करणच्या मोटारीत. "श्रीमंता, लई जाड झालास की रं!" हे त्यांचं पहिलं वाक्य. पार कुणी बांधला या वादातली दोन्ही घराणी एकाच टेम्पोतून आली, कारण वेगळे टेम्पो परवडत नव्हते. सहादेव डॉक्टर बोलावलं नसताना आले आणि बन्सींच्या शेजारी जागा धरून बसले.

छबूबाई आधी पोचल्या. मुक्ताबाई अकराच्या एसटीनं. काखेत फडक्यात गुंडाळलेली तांब्याची घागर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. छबूबाई वळून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मुक्ताबाई त्यांच्या पाठीला पाठ लावून.

"भाऊसाब, हिला म्हनावं, घागर दाव."

"भाऊसाब, तिला म्हनावं, डोळं असतील तर फिर न बघ."

"ह्यो पोचा माजा न्हाई! ह्यो ट्रकात पडला आसंल."

"ट्रकात मी हिला मांडीव धरली हुती. एकोनतीस वर्सं मांडीवच हाय म्हन."

"मंग येक दिस पारनेरला आनून टाकायची व्हती!"

"तू पारनेरला हाईस ह्ये मला काय सपनात येनार?"

"येत हुती की मी सपनात? खरं सांग."

मुक्ताबाईंनी घागरीला फडकं परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "भांडायलाच यायचीस."

विमलबाई पिठल्याची परात घेऊन मधे आल्या आणि दोघींच्या मधोमध एकच ताट ठेवून गेल्या. ताटासाठी दोघींना तोंडं फिरवावी लागली.

इकडं डॉक्टर बन्सींना विचारत होते, "मग तो बैल?"

"कुठला बैल?"

"ढवळा!"

"हां, ढवळ्या! त्यो व्हय... थांबा, जेवन झाल्याव सांगतो."

चार वाजता शुभांगी मॅडम आल्या. हातात फॉर्म, फ्लॉप्यांचा नवा जुडगा, आणि एक बंद पाकीट. "काका, मला रात्रीची पुण्याची गाडी आहे. नाव सांगा. कुणाचं टाकू? एकच ओळ आहे इथं."

सगळी माणसं भाऊसाहेबांकडे बघू लागली. मांडीवर हरकतींची वही. सत्तावन्न हरकती, एकही मागं घेतलेली नाही. त्यांच्या सबंध नोकरीत एकही प्रकरण महिन्याच्या वर पडून राहिलं नव्हतं. निरोपसमारंभात तहसीलदारांनी तसं बोलून दाखवलं होतं. आताही निकाल द्यायला काही लागत नव्हतं. एक ओळ लिहायची, शाई टिपायची. माणसं पिठलं खाऊन आपापल्या एसट्या गाठतील. आणि मग चावडीवर भांडायला काहीच उरणार नाही.

त्यांनी टोपण काढलं आणि वहीत लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं:

"उभय पक्षांचे म्हणणे ऐकले. घागरीचा पोचा समक्ष पाहिला. पोच्याबाबत अधिक पुरावा आवश्यक. सुनावणी तहकूब. पुढील तारीख एकवीस नोव्हेंबर."

"म्हंजी परत यायचं?" बन्सी म्हणाले.

"यायचं."

"पिठलं आसंल का?"

"भरीत करीन," विमलबाई आतून म्हणाल्या.

"आणि तोवर?" मॅडमनी विचारलं. "तोवर दुकान कुणाचं?"

"निकाल लागेपर्यंत आहे तेच नाव कायम. असा नियम आहे."

"म्हणजे माझं?" मॅडम हसल्या. "काका, मी निंबदरा पाहिलंसुद्धा नाही. माझा काही संबंध नाही त्याच्याशी."

"सातबारा तुमच्या नावावर आहे मॅडम. मुदत संपण्याआधी नव्यानं नोंदणी करणं तुमच्याकडे आलं. आणि प्रत्येक तारखेला हजर राहणंही."

"न्यू जर्सीहून?"

"चावडीवर."

बंद पाकीट मॅडमनी भाऊसाहेबांच्या हातात दिलं. आत दुकान उघडायचा, बदलायचा, सगळा पासवर्ड होता. सातबारा त्यांच्याकडे, वहिवाट भाऊसाहेबांकडे. मग त्या वाकून विमलबाईंच्या पाया पडल्या, छबूबाईंच्या पडल्या, मुक्ताबाईंच्या पडल्या, आणि पाठ फिरवून भराभर चालत गेल्या. पण त्याही चुकीच्या गल्लीत वळल्या.

भाऊसाहेबांनी पाकीट आणि नव्या फ्लॉप्या एकावर एक ठेवल्या, कडा सारख्या केल्या आणि ट्रंकेकडे हात नेला. दाभण तिथं नव्हतं. ते विमलबाईंनी सकाळीच शेजारी गोरक्षनाथांकडे ठेवायला दिलं होतं.

दुकानाचा ताबा तेव्हापासून भाऊसाहेबांकडे आहे. म्हणजे सासूबाई फोन खाली ठेवतात तेवढ्या वेळापुरता. चटणीची बारावी पुडी अजून गेलेली नाही. बैलाचं अजून कळलेलं नाही.

एकवीस नोव्हेंबरला दुपारी चाळीस माणसं भरीत खात असताना भाऊसाहेब गॅरेजमध्ये जाऊन चावडी उघडून बसले. एकच नवी नोंद होती.

नोंद २८४. शुभांगी, हल्ली मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. तारखेला हजर आहे. इथं नळाला चोवीस तास पाणी असतं. कुणाशी भांडावं कळत नाही.

भाऊसाहेबांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "नोंद घेतली." मग ते पुसलं. बराच वेळ बोट कळांवर फिरत राहिलं. शेवटी लिहिलं:

"श्रीमंत, हल्ली मुक्काम सावेडी. इकडं भांडण चालू आहे. काळजी नसावी. पुढच्या तारखेला यावे."